मालकाचं नाव

सरकारी ढोरांच्या दवाखान्यात केसपेपरावर पहिला रकाना जनावराचा असायचा, दुसरा मालकाचा. दुसरा रकाना भरल्याशिवाय मी कुणाला टिंक्चरचा बोळासुद्धा देत नव्हतो. तेव्हा मी तिथं कंपाउंडर होतो, तिशीच्या आतला, आणि नियमाचा इतका कडक की खुद्द डॉक्टरसाहेब म्हणायचे, "अहो, जरा सैल सोडा." साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मीच. शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं बाजारगाव. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळेल त्यांनी गप्प बसावं.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. एका बाजारच्या दिवशी भर दुपारी बाई आल्या. बाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यात सगळी हयात नर्स म्हणून काढलेली बाई. निवृत्त होऊन आमच्या गावात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्यांच्या कडेवर पाटी होती, पाटीत टॉवेलखाली एक तांबडी कुत्री. कांद्याच्या ट्रकचं चाक मागच्या पायावरून गेलेलं.

"मालकाचं नाव?" मी विचारलं.

"मालक नाही हिला. बाजारात पडली होती."

"मग केसपेपर निघत नाही."

"माझं लिहा."

"तुमची आहे का ही?"

बाई खोटं बोलत नसत. "नाही," म्हणाल्या.

"मग मी खोटं कसं लिहू?"

त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याजवळ राग मुबलक होता, लगेच परत केला असता. त्यांनी टॉवेल सारखा केला, पाटी उचलली आणि उन्हात निघून गेल्या. मी टेबल पुसलं. स्वच्छ होतं, तरी पुसलं.

दवाखाना बंद केल्यावर पाय घराकडं वळेनात. खिशात सल्फा पावडरची पुडी घातली, सरकारी होती, आणि बाईंच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला तो असा, कागदाच्या पुडीएवढा. ओसरीत चाचा बसले होते, बांबूच्या कांबट्या तासत. चाचांचा पूर्वी टांगा होता. एस.टी. सुरू झाली आणि टांगा बसला. घोडा म्हातारा होऊन गेला, तबेला रिकामा पडला, आणि चाचा बाजारात बैलांना नाल ठोकायला लागले. दांडगा बैल ते एका दोरीत आडवा करायचे.

"या, सरकार आलं," चाचा म्हणाले. "कागद करायचा आसंल तर मागनं करा. आदी हिचं तोंड धरा."

मी धरलं, आणि ती मला कडकडून चावली. अंगठ्यावर व्रण अजून आहे. चाचा पोट धरून हसले, बाईंनी आधी कुत्रीचा पाय बांधला आणि मग माझा अंगठा. तो पाय पुढं जुळला, पण आखूड जुळला. तिला आम्ही लंगडी म्हणायला लागलो. तिच्यापासून आमचा दवाखाना सुरू झाला.

चाचांनी तबेला दिला. "घोड्याची जागा हाय. जनावराच्याच कामी यावी," एवढंच बोलले. एक जुनं दार दगडांवर टाकून त्याची फळी केली. त्याच फळीवर मलमपट्टी. खरजेला गंधक आणि करंजाचं तेल, जखमेत अळ्या पडल्या तर सीताफळाच्या पानांचा लगदा, धुवायला लाल औषधाचं पाणी. मी सुटीच्या दिवशी आणि रोज सकाळी नोकरीच्या आधी जायचो. बाजारात न विकला गेलेला आंधळा बैल कुणी सोडून द्यायचं, तो यायचा. निमोण्याच्या वाटेवर पाठ सडलेलं एक गाढव चाचांनी ओढत आणलं, ते तीन महिने राहिलं आणि जाताना चाचांना लाथ मारून गेलं. पण मुख्य भरणा कुत्र्यांचा.

आता गावच्या कुत्र्यांबद्दल एक सांगायला हवं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पंचायत त्यांना विष घालायची. कुचल्याचं विष, भाकरीच्या तुकड्यात. पण कुत्री वस्ताद. माणूस वाकला की पळायची, तुकडा पडला की लांबून वास घ्यायची आणि निघून जायची. दहातली दोन मरायची, आठ वाचायची. माणसाच्या हाताचा भरवसा धरायचा नाही, एवढ्या एका शहाणपणावर ती जगत होती.

बाईंनी नेमकं तेच मोडायचं ठरवलं. त्यांचा नियम होता, कुठल्याही जिवाला फास टाकून धरायचं नाही, काठी दाखवायची नाही; आपण होऊन येईपर्यंत थांबायचं. मी चिडायचो. "बाई, अशानं जन्म जाईल!" त्या म्हणायच्या, "जाऊ द्या. मला कुठं जायचंय?" बाजरीची भाकरी कुस्करून गूळ घालून त्या लाडू वळायच्या, औषधाची गोळी मधोमध. तो लाडू तळहातावर घेऊन तबेल्याच्या दारात उकिडव्या बसायच्या. अर्धा अर्धा तास. मांड्या भरून यायच्या, उठताना भिंत धरायच्या. पहिला महिना एकही कुत्रं आलं नाही. मग पाय जुळल्यावर बाजारात परत गेलेली लंगडी आपण होऊन आली. मग लंगडीला बघून दुसरी.

दौंडच्या यार्डातून चाचांच्या भाच्यानं रुळाचा एक हातभर तुकडा आणून दिला होता. तो आम्ही तबेल्यापुढच्या कडुनिंबाला टांगला. सकाळी सातला मी किंवा चाचा हातोडीनं पाच टोले द्यायचो आणि कुत्री गावभरातून पळत यायची. वर्षभरात सतरा झाली. रांगेत बसायची म्हणालो तर तुम्हाला पटणार नाही, पण बसायची. हातातून लाडू घ्यायची, दात न लावता, ओठांनी. खाली टाकलेलं घ्यायची नाहीत. लंगडी तर लाडू खाऊन झाला की फळीवर चढायची आणि तो आखूड पाय पुढं करून पडायची. पाय बरा होऊन कैक दिवस झाले होते. तरी रोज तिच्या पायावरून हात फिरवावा लागायचा, नाहीतर उतरायची नाही. तो हात माझा लागायचा. दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही. जिला मी दारातून परत पाठवली होती, तिनंच मला निवडलं. माझा फार जीव होता तिच्यावर. बायको म्हणायची, "माझ्या पायाला कधी विचारता का, की दुखतोय?"

रजिस्टर मी केलं. सरकारी नमुन्याबरहुकूम रकाने आखले. मालकाच्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहायचो: बेवारस.

"तो रकाना मोकळा ठेवा," बाई म्हणायच्या.

"मोकळा रकाना मला बघवत नाही."

"मग माझं नाव लिहा."

"बाई, जे खरं ते लिहावं."

त्या रजिस्टर माझ्याकडं सरकवायच्या. मला वाटायचं, मी जिंकलो.

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. राहू-यवतपासून लोक बघायला यायचे, म्हणायचे, "कंपाउंडर, कुत्र्यांची शाळा काढलीत की!" मला ते गोड लागायचं. आपलं काम कागदावर यावं, पंचायतीचा ठराव व्हावा, दारावर पाटी लागावी, असं मी मनात घेतलं. सरपंच आप्पांच्या मागं लागलो, की एकदा येऊन बघा. बाईंना ते पसंत नव्हतं. "मुक्या जिवांचा तमाशा कशाला?" म्हणाल्या. मी म्हणालो, "तमाशा नाही, बाई, प्रात्यक्षिक." शब्द मला पुष्कळ यायचे.

माघातल्या एका सकाळी आप्पा आले, दोन पंच घेऊन. मी स्वतः टोले दिले. सतरा कुत्री धावत आली, ओळीत बसली, एकेक लाडू ओठांनी उचलला. आप्पा बघतच राहिले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी एक लाडू हातात घेतला, हुंगला, हसले. "गुळाचा काय वास सुटलाय, राव. मलाच खावावा वाटतोय. आन् औषद कडू न्हाई लागत त्यांना?"

आणि मी म्हणालो, "आप्पा, गुळात काहीही घाला, त्यांना कळत नाही. आपल्या हातातून काहीही खातात."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात दाखवले मी, अवलक्षण दुसऱ्यांच्या वाट्याला आलं. बाई तेव्हा लंगडीचा कान साफ करत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, तसंच, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं. मला वाटलं, यांना माझं कौतुक झालेलं सोसत नाही.

चैत्रात नदीच्या अंगानं एक पिसाळलेलं कुत्रं गावात आलं. आमचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. धुणं धुणाऱ्या दोघींना चावलं. त्यातली एक आप्पांची सून, पोटुशी. लोकांनी ते कुत्रं तिथंच दगडांनी ठेचलं. सुनेला पुण्याला नेलं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची होती, आणि गावात जो तो बोलायला लागला, की कंपाउंडरनं कुत्र्यांना लाडावून ठेवलंय. मी चौकात उभा राहून भांडलो. "पिसाळलेलं कुत्रं पाण्याला शिवत नाही, लाडू काय खाईल? अक्कल गहाण टाकलीत का?" माझं बोलणं बरोबर होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

चार दिवसांनी पंचायतीचा शिपाई दवाखान्यात आला. "कंपाउंडर, तुमचा रूळ किती वाजता वाजतो?"

"सातला. का?"

"आप्पांनी इचारलंय. काय त्ये ठरावाचं हाय म्हनं."

खरंच ठरावाचंच होतं. कसला ठराव, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आप्पांना माझं म्हणणं पटलं. आता ते सगळ्या पंचांना घेऊन येणार. "सातला म्हणजे सातला," मी म्हणालो. "पाच टोले दिले की सगळी हजर. एकही मागं राहत नाही." शिपाई खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "बरं, येतो." त्याची ती खाली घातलेली मान मला कशी दिसली नाही? जनावराची नाडी बघणारा मी, माणसाची मान दिसली नाही.

मी हुरळून गेलो. ठराव होणार तर दारावर पाटी हवी. दौंडला रेल्वेच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याला मी महिन्यापूर्वीच काम सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं दौंडला गेलो. पाटी झक्क झाली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं: मुक्या प्राण्यांचा मोफत दवाखाना. आणि खाली मी पेंटरला आयत्या वेळी आणखी एक ओळ टाकायला लावली, तिच्यापायी दोन तास थांबलो: ग्रामपंचायतीच्या सहकार्याने. ओला रंग लागू नये म्हणून पाटी मांडीवर उभी धरून परत आलो. कंडक्टरनं मोठ्यानं वाचली, दोघातिघांनी चौकशी केली. दुपारचा एक वाजला होता.

थांब्यावर चाचा उभे होते. चाचा कधी थांब्यावर यायचे नाहीत, एस.टी.वर त्यांचा राग होता. मी हसून पाटी पुढं केली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि हॉटेलच्या भिंतीला टेकवली, अक्षरं भिंतीकडं करून.

"पाटी ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाले. "चला."

तबेल्याच्या दारातच पहिली दोन पडली होती. बाकीची आत. विष पोटात गेलं की कुत्रं रानात पळतं, कुठंतरी आडोशाला जाऊन मरतं. आमची पळाली नव्हती. दुखायला लागल्यावर कुठं जायचं, ते आम्हीच त्यांना शिकवलं होतं. ती दवाखान्यात आली होती. एकमेकांच्या अंगावरून आत शिरून, फळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन पडली होती. अंगं ताठ, पाय ताणलेले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुगडं ओकवायला पाजलेल्या मिठाच्या पाण्यानं आणि फेसानं भिजलेलं. भोवती रिकामे पेले. कुत्र्यांच्या तोंडांना गूळ लागलेला होता, पण बाईंच्या लाडवांची टोपली दाराशी तशीच भरलेली होती.

"सव्वासहाला टोले पडले," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "मला वाटलं, गाडीच्या घाईत तुम्हीच वाजवले. म्हटलं, आज कंपाउंडरांना पाटीची घाई. मी पटापट लाडू वळायला घेतले. मला ऐकू आलं होतं हो. मी घरातच होते."

चाचा म्हणाले, "मला बी ऐकू आलं. मला बी वाटलं, तुमीच."

मी लंगडीला शोधत होतो. ती फळीवर होती. तीन पायांनी वर चढली असेल, विष अंगात भिनत असताना. आखूड पाय पुढं केलेला होता.

"मी आले तेव्हा जिवंत होती," बाई म्हणाल्या. "मी हात फिरवला पायावरून. पण ती दाराकडंच बघत होती."

मी खाली बसलो.  चाचा भिंतीकडं तोंड करून उभे होते. तसेच उभे राहून म्हणाले, "सातची येळ त्यांना कुनी सांगितली? सातच्या आदी बरूबर कसं आलं त्ये?"

"मी सांगितली," मी म्हणालो. "काल. शिपायानं विचारली, मी सांगितली. सगळी हजर असतात, हे पण सांगितलं."

चाचा वळले. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि बाहेर कडुनिंबाखाली खणायला लागले. मग मीही गेलो. चैत्रातली जमीन, कुदळ टणाटण उडायची. एकच मोठा खड्डा केला. बाईंनी एकेकाचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, मिटत नव्हते. माती लोटताना त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, ओठ हलले. चाचांनीही हात पुढं करून दुवा मागितली. मला काहीच येईना. सगळे शब्द मी आप्पांपुढं खर्च केले होते.

उन्हं उतरताना आप्पा आले. डोळे सुजलेले, सुनेकडून थेट आले होते. लांबच उभे राहिले. "कंपाउंडर, गावाचं बघावं लागतं," म्हणाले. "माझ्याबी घरात आग लागलीया." चौकात तावातावानं भांडणारा मी खड्ड्यावरची माती थापटत राहिलो. जाता जाता ते म्हणाले, "हाटेलापाशी पाटी बघितली. आमचं नाव घातलंय व्हय खाली?" त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तबेल्यात गेलो. का गेलो, माहीत नाही. बाई आधीच येऊन फळीपाशी बसल्या होत्या, पुढ्यात रजिस्टर, हातात टाक. पहिल्या पानापासून त्या कालच्या कुत्र्यांपुढचा 'बेवारस' हा शब्द खोडत होत्या, पट्टी लावून, एकेक सरळ रेघ, आणि प्रत्येकापुढं मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहीत होत्या. खरजेचा काळा, त्याच्यापुढं बाईंचं नाव. कान तुटलेली, तिच्यापुढं बाईंचं नाव. मी समोर बसून बघत होतो. जन्मात खोटं न बोललेली बाई. सोळा वेळा लिहिलं त्यांनी. घाई केली नाही.

मग त्यांनी पहिलं पान परत उघडलं. पहिलीच नोंद: तांबडी कुत्री, मागचा पाय मोडलेला. तिथला 'बेवारस' खोडलेला होता, पुढं जागा मोकळी होती. त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं, टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला.

"हिचं तुम्ही लिहा," म्हणाल्या. "त्या दिवशी विचारलं होतंत ना?"

मी लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सरकारी कागदावर लिहितात तसं.